लालबोटेबाई आणि शिंप्याचा डावा हात

लालबोटे हे काही बाईंचं आडनाव नव्हतं. पण इस्पितळातल्या निम्म्या लोकांना ते खरंच वाटायचं. एकदा तर कारकुनानं रजेच्या अर्जावर तेच नाव चढवलं आणि साहेबांनी सही करून अर्ज मंजूरही करून टाकला. बाईंनी रजा घेतली, नाव दुरुस्त करायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

बोटं मात्र खरोखरच लाल होती. दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत बाई एकतीस वर्षं काचा रंगवत होत्या. क्षयाच्या पेशंटचा बेडका, नाहीतर कुष्ठाच्या पेशंटच्या कानाच्या पाळीतून खरवडलेला थेंबभर रस काचेवर पसरायचा, वाळवायचा, त्यावर लाल रंग ओतून वाफ निघेपर्यंत खालून तापवायचा, मग ॲसिडनं धुवायचा आणि शेवटी निळा रंग द्यायचा. ॲसिडनं बाकी सगळ्याचा लाल रंग उतरतो. हे दोन जंतू तेवढे तो सोडत नाहीत, कारण त्यांच्या अंगावर मेणासारखं जाड पांघरूण असतं. मग मायक्रोस्कोपखाली निळ्या मैदानात बारीक लाल काड्या पडलेल्या दिसतात. त्या मोजायच्या आणि आकडा लिहायचा, एवढंच बाईंचं काम. हातमोजे घातले तरी रंग कुठून तरी आत शिरायचाच आणि चार-चार दिवस साबणाला दाद द्यायचा नाही.

क्षयाच्या काचेला कडक ॲसिड, कुष्ठाच्या काचेला मवाळ. दोघे जंतू चुलतभाऊ, पण कुष्ठाचा जरा नाजूक. कडक ॲसिडनं त्याचाही रंग जातो आणि पेशंटला रोग नसल्याचा खोटा दाखला मिळतो. हा धडा बाईंना पहिल्याच महिन्यात मिळाला होता. तेव्हापासून दोन बाटल्या दोन वेगळ्या फळ्यांवर असायच्या आणि मधल्या फळीवर कुणी कपसुद्धा ठेवलेला बाईंना चालायचा नाही.

बाई या कामाकडे वळल्या त्याचं मूळ घरातच होतं. त्या अकरा वर्षांच्या होत्या, थोरला भाऊ पंधराचा. बाईंच्या डाव्या दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा उठला. चहाचा गरम कप टेकला तरी तिथं काही कळायचं नाही. आई घाबरली आणि तिला घेऊन याच इस्पितळात आली. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, घरातल्या सगळ्यांना आणा. भावाला आणायचं आईच्या मनातही नव्हतं. उलट त्या वर्षी त्याची तब्येत कधी नव्हे ती सुधारली होती. चेहरा भरला होता, कातडी तुकतुकीत झाली होती. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "पोरानं या वर्षी बाळसं धरलंय बघा."

मोठ्या डॉक्टरांनी त्याची कानाची पाळी चिमटीत धरली, भुवयांच्या कडेला बोट फिरवलं आणि पाळीला बारीकशी चीर देऊन काच केली. बहिणीच्या काचेत एकही जंतू सापडला नाही. भावाच्या काचेत ते मोजायच्या पलीकडे होते, विडीच्या बंडलांसारखे गठ्ठेच्या गठ्ठे.

बहिणीचा चट्टा वर्षभरात विरून गेला. भावाला बरं व्हायला बरीच वर्षं लागली. तोवर बोटं आखडली, झिजली, आणि पायांना टोचलेलं कळेनासं झालं.

पुढे बाई तिथंच कामाला लागल्या तेव्हा त्यांनी एक दिवस धीर करून विचारलं, "एक घर, एक ताट-वाटी, जंतूही एकच. मग दादाला एवढं आणि मला काहीच कसं नाही?"

मोठ्या डॉक्टरांना समजावून सांगायची आवड होती. ते म्हणाले, "हा जंतू आपल्या पेशींच्या आत जाऊन बसतो. चोर घरात शिरलाय असं समज. तुझ्या अंगातले शिपाई दार फोडून आत गेले, चोराला तिथंच घेरून मारलं. त्या मारामारीत घराची एक भिंत पडली, तो तुझा चट्टा. तुझ्या भावाचे शिपाईही जागेच होते, पण ते रस्त्यावर शिट्ट्या मारत फिरत राहिले. रक्तात हे एवढं पोलीस-पथक, आणि घरात चोरांचं बिऱ्हाड."

"पण असं का?"

"काही वारशानं येतं, काही नशिबानं. सगळं कळलं असतं तर मी इथं बसलो असतो का?"

त्याच डॉक्टरांनी जंतूची गोष्टही सांगितली होती. कुष्ठाचा जंतू म्हणजे आयतोबा. त्याच्या गुणसूत्रांच्या पोथीतली जवळजवळ निम्मी पानं आता वाचता येत नाहीत, अक्षरं पुसली गेलीत. माणसाच्या पेशीत फुकटचं खायला मिळत राहिलं तसा तो स्वतः रांधायचं विसरला. म्हणून प्रयोगशाळेच्या कुठल्याच ताटलीत तो वाढत नाही, आणि एकाचे दोन व्हायलाही त्याला दोन आठवडे लागतात. क्षयाच्या जंतूची पोथी अजून शाबूत आहे, तो दिवसभरात एकाचे दोन होतो.

भाऊ बरा झाल्यावर इस्पितळाच्याच चप्पल-विभागात लागला. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या चपला करायचा. आता निवृत्त होऊन बाईंकडेच राहत होता. बाईंनी लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर "वेळ झाला नाही" म्हणायच्या. दोघं भावंडं दोन खोल्यांत गुण्यागोविंदानं राहत, संध्याकाळी बातम्या ऐकत आणि भाजीत मीठ जास्त की कमी यावर रोज भांडत.

शिंपी इस्पितळात आला तो या सगळ्याच्या फार नंतर, बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना. चाळिशीच्या आतलाच होता. नवरा-बायको मिळून शाळेचे गणवेश शिवायची. एका मोसमात पांढऱ्या कॉलरींवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. बायको म्हणाली, "सुई लागतेय तुम्हाला." तो म्हणाला, "मला कुठं काय लागतंय?" आणि तेच खरं होतं. डाव्या करंगळीत सुई शिरायची आणि त्याला पत्ता नसायचा. पाठीवर, खांद्यावर चट्टे होते, ते घामोळं समजून कुणी मनावर घेतले नव्हते.

त्याचा रोग बाईंच्या आणि त्यांच्या भावाच्या मधल्या जातीचा निघाला. काचेत जंतू होते, पण मोजता येण्याजोगे. बारा महिने गोळ्या झाल्या. गोळ्यांनी त्याचा रंग तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा झाला. गिऱ्हाइकं विचारायची, तो सांगायचा, "उन्हात बसून शिवतो." बारा महिने पुरे झाल्यावर डॉक्टरांनी त्याच्याशी हात मिळवला, तो घरी गेला, आणि पाच महिन्यांनी परत आला.

तो मंगळवार होता. नवे डॉक्टर स्वतः त्याला घेऊन बाईंच्या खोलीत आले. हे डॉक्टर नवे म्हणजे वर्षाभरापूर्वीच आलेले. हुशार, पण प्रत्येक गोष्ट दोनदा तपासून घेणारे. मागून शिंप्याची बायको, खांद्याला कापडी पिशवी.

"बाई, यांची काच परत करा. आजच."

शिंप्यानं शर्ट काढला. फिकट पडलेले जुने चट्टे लालभडक होऊन फुगले होते, जणू कुणीतरी आतून फुंकर घातली होती. डावं कोपर त्यानं उजव्या हातानं सांभाळून धरलं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"चट्टे दहा दिवस. हात चार दिवसांपासून. कापड सरकवता येत नाही, बाई. उजव्या हातानं कात्री चालते हो, पण मशीनखाली कापड डावाच हात नेतो."

बाईंनी कानाच्या पाळीतून आणि एका चट्ट्यातून दोन काचा केल्या. घड्याळ लावलं, रंग ओतला, वाफ काढली, मवाळ बाटलीतलं ॲसिड घेतलं. सगळे बाकावर बसून राहिले. काच वाळल्यावर बाई मायक्रोस्कोपला डोळे लावून जवळजवळ वीस मिनिटं हलल्या नाहीत.

डॉक्टरांनी मध्येच विचारलं, "आहेत का?"

"आहेत."

डॉक्टरांचा चेहरा पडला. ते खिडकीपाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मला वाटत होतं तेच. रोग उलटलाय. जंतू औषधाला दाद देत नसावेत. गुणसूत्रांच्या तपासणीला नमुना पाठवू या. औषध जिथं घाव घालतं त्या जागी जंतूच्या पोथीतलं एखादं अक्षर बदललं असेल तर तिथं कळेल. तोवर नवी औषधं द्यायची की जुनी, ते ठरवता येणार नाही."

"किती दिवस लागतील?"

"चार-पाच आठवडे."

"तोवर हात जाईल, डॉक्टर."

बाई हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. टेक्निशियननं डॉक्टरांना काय द्यायचं ते सांगू नये, हे त्यांना एकतीस वर्षं माहीत होतं. त्या उठल्या, भिंतीलगतच्या लाकडी पेट्यांमधली एक ओढली आणि दीड वर्षापूर्वीची त्याच शिंप्याची काच काढली. इस्पितळाच्या नियमानं ती कधीच फेकायला हवी होती.

"ही आधी बघा. मग आजची बघा."

डॉक्टर स्टुलावर बसले. जुन्या काचेत लाल काड्या अखंड होत्या, टाचण्यांसारख्या सरळ, एका रंगाच्या. मग त्यांनी आजची काच लावली.

"तुकडे आहेत," ते म्हणाले.

"तुकडेच आहेत. मणी ओवल्यासारखे, मध्ये मध्ये फटी. शंभर मोजले, त्यात एकही धड नाही. ही काच मेलेली आहे, डॉक्टर. गोळ्यांनी आपलं काम चोख केलंय. मेलेले जंतू अंगातून निघून जायला वर्षानुवर्षं लागतात, आणि आता यांच्या शिपायांना उशिरा जाग आलीय. मढ्यांवर तलवारी चालवतायत, आणि वार बसतायत कोपरातल्या नसेवर."

डॉक्टर बराच वेळ काचेत बघत राहिले. "शिपायांना शांत करायला मी स्टेरॉइड दिलं आणि जंतू जिवंत असले, तर मी शिपायांचे हात बांधून चोराला मोकळं सोडल्यासारखं होईल. हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि तुमची खात्री आहे."

"काचेची खात्री आहे."

डॉक्टर शिंप्याकडे वळले. त्यांनी स्टेरॉइडच्या आधी विचारायचं ते सगळं विचारलं. साखर? नाही. पोटात जळजळ? नाही. खोकला, ताप, वजन घटलंय?

"नाही," शिंपी म्हणाला.

त्याच्या बायकोनं पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला आणि परत सोडला. बाईंनी ते पाहिलं. काहीतरी विचारावं असं त्यांच्या मनात आलंही, पण तेवढ्यात दुसऱ्या काचांसाठी लावलेलं घड्याळ वाजलं आणि त्या नळाकडे धावल्या. रंग जास्त वेळ राहिला तर काच फुकट जाते. डॉक्टरांनी छातीचा फोटो लिहून दिला. त्या आठवड्यात एक्स-रेचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. "आल्यावर काढा," असं तिथल्या माणसानं सांगितलं, आणि मग ते राहूनच गेलं.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. नमुनाही तपासणीला गेला.

डॉक्टरांची हात तपासायची पद्धत सोपी होती. शिंप्यानं करंगळी आणि शेजारच्या बोटात कागद धरायचा, डॉक्टरांनी तो ओढायचा. पहिल्या आठवड्यात कागद पिकल्या पानासारखा आपोआप खाली आला. तिसऱ्या आठवड्यात थोडा अडला. पाचव्या आठवड्यात तपासणीचा अहवाल आला: औषधाविरुद्धचा कुठलाही बदल जंतूच्या गुणसूत्रांत आढळला नाही. डॉक्टर तो घेऊन दोन जिने चढून वर आले, बाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुमची काच पाच आठवडे पुढे धावते." आठव्या आठवड्यात डॉक्टरांनी कागद ओढला तेव्हा तो मधोमध फाटला. शिंपी फाटलेला तुकडा बोटांत धरून बघतच राहिला. मग म्हणाला, "हा घरी नेऊ का?"

त्यानंतर महिन्याभरानं बाई जिन्यावरून उतरत होत्या. खाली पेशंटांची रांग होती आणि रांगेत शिंप्याच्या शेजारी उभी राहून त्याची बायको कुणाला तरी सांगत होती, "आता तब्येत सुधारलीय त्यांची. चेहरा कसा भरलाय."

बाई मधल्या पायरीवर थांबल्या. स्टेरॉइडनं चेहरा गोल होतो हे त्यांना ठाऊक होतं, त्यात नवल काही नव्हतं. पण भरलेल्या चेहऱ्याचं कौतुक त्यांना कधीच सहन व्हायचं नाही. त्या खाली आल्या आणि शिंप्याकडे नीट पाहिलं. गाल गोबरे होते, पण शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. शिंप्याची कॉलर सैल, हे काही बरोबर नव्हतं. तेवढ्यात तो खोकला. तोंडावर रुमाल धरून, आवाज दाबून, सवयीनं खोकावं तसा.

"वर चला," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्याला बेडक्याची डबी दिली आणि गच्चीवर मोकळ्या हवेत पाठवलं. या वेळी कडक बाटली काढली. काच लावल्यावर मोजायची गरजच पडली नाही. पहिल्याच जागी चार काड्या होत्या, सडपातळ, किंचित वाकड्या, अखंड.

नवे डॉक्टर येण्याआधीच बाईंनी नमुना मशीनमध्ये घातला. हे मशीन गेल्याच वर्षी आलं होतं. बेडक्यातल्या जंतूंच्या गुणसूत्रांचा नेमका तुकडा उचलायचं आणि दोन तासांत सांगायचं की जंतू क्षयाचा आहे का आणि मुख्य औषध त्याच्यावर चालतं का. बाईंची सगळी भीती त्या दुसऱ्या उत्तरात होती. ते मुख्य औषध शिंप्यानं कुष्ठासाठी बारा महिने घेतलं होतं, महिन्यातून एकदा. कुष्ठाच्या सुस्त जंतूला तेवढं पुरतं. पण तेव्हाच छातीत क्षयाचे जंतू वाढत असतील, तर महिन्यातला तो एकुलता एक फटका त्यांना मारायला अपुरा आणि शहाणं करायला पुरेसा होता. एखाद्याच्या पोथीत एक अक्षर बदललेलं असलं की तो तेवढा तगतो, आणि मग त्याचीच पिलावळ उरते.

शिंपी बाकावर बसला होता. खिडकी उघडी होती.

"खोकला कधीपासून?"

त्यानं रुमालाची घडी घातली. मग म्हणाला, "हाताच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याच्या साधारण महिनाभर आधीपासून. थोडाच होता."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"तुम्ही दोघं हातासाठी भांडत होतात, बाई. म्हटलं, आता खोकला काढला तर हे थांबतील. आधी छाती बघू म्हणतील. खोकला काय, सगळ्यांनाच असतो. हात गेला तर मी करणार काय?"

"आणि त्या गोळ्यांनी छातीतले शिपाई झोपले, त्याचं काय?"

"ते मला कुठं माहीत होतं?"

खरंच होतं. त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. हात बांधायचे, चोर मोकळा सुटायचा, हे सगळं डॉक्टर आणि बाई मायक्रोस्कोपपाशी आपसात बोलले होते.

मशीनचा दिवा हिरवा व्हायला पंचवीस मिनिटं उरली असताना नवे डॉक्टर आले. बाईंनी त्यांना काच दाखवली. त्यांनी पाहिली आणि खुर्चीत बसले.

"फोटो काढायला मीच पाठपुरावा करायला हवा होता," ते म्हणाले.

"यांच्या बायकोचा चेहरा मी पाहिला होता," बाई म्हणाल्या. "घड्याळ वाजलं म्हणून उठले."

 मशीननं आपला वेळ घेतला. मग पडद्यावर दोन ओळी उमटल्या: क्षयाचे जंतू आहेत. मुख्य औषधाविरुद्ध बदल नाही.

बाईंनी त्या दोन ओळी तीनदा वाचल्या आणि मगच शिंप्याला सांगितलं, "सहा महिन्यांत बरे व्हाल. साधीच औषधं चालतील." शिंप्यानं मान डोलावली. आपण कशातून सुटलो याची त्याला कल्पना नव्हती, आणि बाईंनी त्या दिवशी ती दिलीही नाही.

संध्याकाळी घरी बाईंनी भाजीला हात लावला नाही. भाऊ बातम्या बंद करून समोर येऊन बसला.

"काय झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मी मध्ये पडले नसते तर डॉक्टर थांबले असते. थांबले असते तर खोकला सापडला असता."

"आणि हात?"

"हात गेला असता."

भावानं आपले हात टेबलावर ठेवले. त्यांच्याकडे बघायची दोघांनाही सवय होती, म्हणून मुद्दाम ठेवल्यासारखं वाटलं नाही. "माझ्या हातांसाठी कुणीच घाई केली नाही," तो म्हणाला. "सगळे फार जपून वागले. एक म्हणायचा अहवाल येऊ दे, दुसरा म्हणायचा पुढच्या महिन्यात बघू. तू घाई केलीस ते बरं केलंस. विचारायचं राहिलं, ते वाईट केलंस. दोन्ही खरं आहे. आता एकानं दुसरं पुसायला जाऊ नकोस."

थोड्या वेळानं तो परत म्हणाला, "आणि भाजीत मीठ नाहीच आहे, ते सांगायचं राहिलं."

शिंप्याचं पुढचं प्रकरण किचकट होतं. क्षयाच्या गोळ्यांतलं मुख्य औषध स्टेरॉइडला अंगातून भराभर बाहेर काढतं, त्यामुळे हाताच्या गोळ्या कमी करायच्या ऐवजी वाढवाव्या लागल्या. एकदम थांबवल्या असत्या तर हात परत आखडला असता. डॉक्टरांनी दर आठवड्याला त्याला बोलावलं, छाती ऐकली, कागद ओढला. मध्ये पंधरा दिवस त्याची साखर वाढली, तो वैतागला आणि एकदा गोळ्यांची पुडी टेबलावर आपटून म्हणाला, "माझं अंग आहे की तुमचं मैदान?" डॉक्टरांनी पुडी उचलून त्याच्या हातात परत दिली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला सगळं समजावून सांगितलं: शिपाई, मढी, नस, आणि छातीतला चोर का सुटला ते. एक तास लागला. बाहेर रांग वाढली. शिंपी शेवटी म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंत तर खोकला लपवला नसता." डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे."

घरच्यांचीही तपासणी झाली. बायकोला काही नव्हतं. सहा वर्षांच्या मुलीला रोग नव्हता, पण क्षयाचे जंतू तिच्या अंगात येऊन निपचित बसल्याची खूण चाचणीत दिसली. तिच्या शिपायांनी त्यांना कोंडून ठेवलं होतं. ते तसेच कोंडलेले राहावेत म्हणून तिला काही महिने गोळ्या दिल्या. मुलगी रोज गोळी घेतल्यावर जीभ बाहेर काढून पुरावा दाखवायची आणि शेजारच्यांनाही दाखवायची.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी शिंप्याची काच स्वच्छ आली. सहाव्या महिन्यातही स्वच्छ आली. चेहऱ्याचा गोलवा उतरला, कॉलर मापात बसायला लागली. करंगळी थोडी वाकडीच राहिली. सरळ शिलाई पूर्वीसारखी जमायची. काजं करायची मात्र त्यानं सोडून दिली आणि ते काम बायकोकडे गेलं. ती म्हणायची, "तसंही त्यांची काजं कधीच धड नव्हती."

बाईंनी त्या वर्षात एक गोष्ट केली. स्टेरॉइड सुरू करायच्या प्रत्येक पेशंटचा बेडका, खोकला असो नसो, आधी वर पाठवायचा असा नियम त्यांनी डॉक्टरांकडून लिहून घेतला. काम वाढलं. हाताखालच्या दोघी टेक्निशियन मुली कुरकुरल्या. बाई म्हणाल्या, "कुरकुरा, पण डबी द्या." पहिल्या वर्षभरात त्या नियमानं क्षयाचे दोन पेशंट सापडले.

शेवटच्या तपासणीला शिंपी एकटाच आला. कार्डावर डॉक्टरांची सही झाली होती. तरी तो वर बाईंच्या खोलीत आला आणि दारात घुटमळला.

"बाई, एक विचारू? ते दिसतात कसे, एकदा दाखवाल?"

बाईंनी पेटीतून त्याची पहिली काच काढली, तेलाचा थेंब टाकला, भिंग जुळवलं आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं. त्यानं एक डोळा मिटला. बराच वेळ काहीच दिसेना. मग दिसलं.

"त्या लाल काड्या?"

"त्याच."

"एवढ्याशाच?"

"एवढ्याशाच."

तो बघत राहिला. "मला वाटलं होतं, यांना तोंड असेल," तो म्हणाला.

मग उठून त्यानं स्टूल पुन्हा टेबलाखाली ढकललं, कार्ड खिशात घातलं आणि घाईनं जिना उतरला. शाळा सुरू व्हायला आठवडा उरला होता, दुकानात बेचाळीस शर्ट कापून पडले होते. बाईंनी काच पुसून पेटीत ठेवली आणि पुढची घेतली.